सोड्याचा जमाखर्च



दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत दरवर्षी एकच बोलणे कानावर येते. "पोराने काय घेतले?" "आर्ट्‌स." "सायन्स का नाही?" "रसायनशास्त्र झेपायचे नाही म्हणतो." आता ज्या पोराने रसायनशास्त्र कधी हाताने केलेच नाही, त्याला ते झेपणार नाही हे ठरवले कोणी? पुष्कळ शाळांत प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद कपाट. मुले सूत्रे पाठ करतात, पेपरात ओकतात आणि विसरतात. मग भीती तेवढी उरते. कला शाखा वाईट नाही. पण भिऊन घेतलेली शाखा ही निवड नव्हे.

म्हणून आमच्या अभ्यासिकेत रविवारी आठवी-नववीच्या मुलामुलींना घेऊन आम्ही नानकटाई भाजतो. हे कळल्यावर एक पालक मला भेटायला आले. बेकरीत कामाला आहेत. म्हणाले, "दादा, भट्टीपुढे उभं राहून माझा जन्म गेला. पोरगं शिकावं म्हणून तुमच्याकडे पाठवलं, आणि तुम्ही त्याला पुन्हा भट्टीच दाखवता?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हाताचे काम आपल्या वाट्याला पिढ्यानपिढ्या सक्तीने आले. त्यामुळे गरिबाच्या पोरांना कोणी 'हातकाम शिका' म्हटले की मलाही शंका येते. श्रीमंताच्या मुलाला गणित आणि आपल्या मुलाला करवत, हा न्याय आपल्याला नको. मी त्यांना मुलाची वही दाखवली. डाव्या पानावर काय केले ते, उजव्या पानावर ते का झाले ते. उजवे पान कोरे असेल तर त्या रविवारी नानकटाई मिळत नाही.

ही कल्पना माझ्या डोक्यातून निघालेली नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ नावाचे कोरडवाहू गाव आहे. तेथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. हे गृहस्थ मुळात अन्नशास्त्रातले. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट, मग म्हैसूरची केंद्रीय अन्न संशोधन संस्था, पुढे मुंबईत हिंदुस्तान लिव्हरची प्रयोगशाळा. ते सगळे सोडून ते पाबळला जाऊन राहिले. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करून शिकायचे, अशी त्यांची योजना. त्यात वेल्डिंग आहे, बांधकाम आहे, वीज आणि शेती आहे, आणि घर व आरोग्य या विभागात खाद्यपदार्थही आहेत. मुलींनी वेल्डिंग करायचे, मुलग्यांनी स्वयंपाक, आणि केलेल्या वस्तूचा खर्च प्रत्येकाने काढायचा. डॉ. कलबाग २००३ साली गेले. आश्रमाचे काम त्यांच्या मागेही चालू राहिले, इतर शाळांतही पोहोचले.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, कारकुनी करणारा माणूस. रसायनशास्त्राचा मला धाक होता तो एका गोष्टीने गेला. रासायनिक समीकरण म्हणजे जमाखर्चच! डावी बाजू आणि उजवी बाजू जुळलीच पाहिजे. आला तो अणू कुठे तरी गेला पाहिजे.

हे मुलांना पटवायला खायचा सोडा पुरे. किराणा दुकानातून तासाभरासाठी काटा आणला. ५० ग्रॅम सोडा तव्यावर घेतला आणि मध्यम आचेवर हलवत राहिलो. कोरडी पूड, पण पाणी उकळावे तशी खदखदते. मुलांना हे फार आवडते. अर्ध्या तासाने पुन्हा वजन केले तर साडेएकतीस-बत्तीस ग्रॅम. अठरा ग्रॅम गेले कुठे? "चोरी झाली," एक जण म्हणाला. मग फळ्यावर हिशेब मांडला. सोडियम बायकार्बोनेटचे दोन भाग, वजन १६८. तापल्यावर त्याचे होते १०६ सोडियम कार्बोनेट, १८ पाणी आणि ४४ कार्बन डायऑक्साइड. बेरीज करा, १६८. पाण्याची वाफ आणि वायू उडून गेले, म्हणून तव्यावर वजन घटले. आता ५० ग्रॅमला किती उरायला हवे? त्रैराशिक मांडून मुलांनीच साडेएकतीस काढले.

हळदीच्या पाण्यात साधा सोडा घातला तर रंग थोडासा बदलतो. तव्यावरचा घातला की लालभडक. तो जास्त अल्कधर्मी झालेला असतो.

यानंतर नानकटाई. मैदा, पिठीसाखर, तूप. ओव्हन कोणाकडे आहे? कुकरच्या तळाशी मीठ पसरून त्यावर ताटली ठेवली की झाले. पीठ तेच, घाणे तीन. पहिल्यात सोडा नाही, दुसऱ्यात चिमूटभर सोडा नि चमचाभर दही, तिसऱ्यात चौपट सोडा आणि दही अजिबात नाही. पहिली नानकटाई चपटी आणि कडक. दुसरी खुसखुशीत, कारण दह्यातले आम्ल आणि सोडा भेटले की वायू सुटतो आणि पीठ पोकळ होते. तिसरी जास्त काळपट, आणि तोंडात घातली की साबण! उरलेल्या सोड्याचे भाजताना कार्बोनेट झाले, त्याची ती चव. चेहरे वाकडे करून मुलांनी जे लक्षात ठेवले ते पुस्तकाने राहिले नसते.

पावाच्या दिवशी यीस्ट, साखर आणि कोमट पाणी बाटलीत घालून तोंडाला फुगा बांधला. यीस्ट साखर खाते, कार्बन डायऑक्साइड सोडते, फुगा उभा राहतो. सोबत थोडे अल्कोहोलही तयार होते म्हटल्यावर एका मुलीने लगेच विचारले, "मग सर, पंचशीलाचं काय?" भाजताना ते बहुतेक सगळे उडून जाते, असे सांगून तिची समजूत काढली. प्रश्न मात्र चोख होता.

मग ज्वारीचा पाव का होत नाही? गव्हाच्या कणकेचा गोळा पाण्यात धुवत राहा. पांढरे पाणी निघून जाते आणि हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो. ते ग्लुटेन. वायू धरून ठेवणारी पिशवी तीच. दादरच्या पिठाचा गोळा धुतला तर सगळाच विरून वाहून जातो. म्हणून तर आपल्या आया ज्वारीच्या पिठात उकळते पाणी घालतात. उष्णतेने पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि भाकरी थापता येते. त्या दिवशी एका मुलीची आजी दारात बसली होती. शाळेची पायरी न चढलेली बाई. म्हणाली, "पीठ जुनं असलं की पाणी अजून कडक घ्यावं लागतं, नाहीतर भाकर तुटते." मुलांनी ते डाव्या पानावर लिहून घेतले. उजव्या पानावर काय लिहायचे यावर अजून वाद चालू आहे.

बाबासाहेबांच्या चरित्रात एल्फिन्स्टन हायस्कूलमधला प्रसंग आहे. शिक्षकांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले तेव्हा सवर्ण मुलांनी आधी धावत जाऊन फळ्यामागचे आपले जेवणाचे डबे हलवले. त्याच बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले ते कला आणि विज्ञान, दोन्हींचे. आमच्या अभ्यासिकेत फळा आणि डबे एकाच भिंतीला आहेत. कोणी मुद्दाम ठेवलेले नाहीत, जागा तेवढीच आहे.

ज्यांना घरी करायचे असेल त्यांनी कुकरचे रबर आणि शिट्टी काढून ठेवावी, आच मंद ठेवावी, मोठ्या माणसाने जवळ थांबावे. तव्यावर तापवलेला सोडा तोंडात घालू नये. तो धुण्याचा सोडाच झालेला असतो. भांडी घासायची पाळी आमच्याकडे मुलग्यांची. परवा त्यांच्यातल्या एकाने, त्या बेकरीवाल्या पालकांच्याच मुलाने, तो तव्यावरचा सोडा गरम पाण्यात कालवून तुपकट ताटल्यांना लावला, आणि त्या लगेच निघाल्या. का निघाल्या ते या रविवारी त्याला उजव्या पानावर लिहून आणायचे आहे.