अबोलांचे काय?

आमच्या वर्गात एक मित्र आहे. तीन वर्षांत तो चारचौघांत फार तर दहा वाक्ये बोलला असेल. पण ग्रंथालयात भलत्याच कपाटात गेलेले पुस्तक शोधावे तर त्यानेच! परवा एका कचेरीत तो मुलाखतीला गेला आणि पाच मिनिटांत परतला. ‘उमेदवार बोलका नाही’ हा शेरा. काम कसले, तर नोंदवह्या तपासण्याचे!

बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचे सोनेही पडून राहते, हे बाजारात ठीक आहे. विक्रेता निवडताना वाणी पारखावीच. पण प्रत्येक काम म्हणजे बाजार नव्हे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षे पोथ्या ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. पाठभेद टिपायला वक्तृत्व नव्हे, स्थिर नजर लागते. मुद्रितशोधन, अनुवाद, सूचीकरण, जुन्या दप्तरांचे जतन ही कामेही त्याच जातीची.

केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’ आणि अराजपत्रित गट ‘ब’ पदांच्या मुलाखती बंद केल्या. खाजगी कचेऱ्यांनीही अशा कामासाठी उमेदवारापुढे चार पाने तपासायला ठेवावीत. आणि मित्रहो, अबोलाला ‘घुमा’ म्हणण्याआधी आपण त्याचे काम तरी पाहू या!