नेटवर्कने नाकारले, स्थानिक केंद्रांनी तारले

‘स्टार ट्रेक’ या विज्ञान मालिकेचा अखेरचा नवा भाग अमेरिकेतील एनबीसी नेटवर्कवर ३ जून १९६९ रोजी दाखवला गेला. तीन वर्षे, ७९ भाग आणि प्रेक्षकसंख्येच्या तक्त्यात बेताचीच जागा, एवढाच तिचा हिशेब होता. नेटवर्कच्या लेखी विषय तिथेच संपला. प्रत्यक्षात दहा वर्षांनी, १९७९ मध्ये, त्याच पात्रांना घेऊन मोठ्या खर्चाचा चित्रपट आला. १९८७ मध्ये त्याच नावाची नवी मालिका सुरू झाली आणि त्यानंतर मालिका व चित्रपटांची रांगच लागली. बंद पाडलेल्या मालिकेला असे दीर्घायुष्य कसे लाभले, याचे उत्तर तिच्या कथानकाइतकेच अमेरिकी दूरचित्रवाणीच्या व्यवहारात दडलेले आहे. त्या व्यवहाराला ‘सिंडिकेशन’ म्हणतात.

हा इतिहास आज उगाळण्याचे कारण आहे. आता बहुतांश नव्या मालिका स्ट्रीमिंग सेवांवर येतात, एका हंगामात गुंडाळल्या जातात आणि काही तर संग्रहातूनही काढून टाकल्या जातात. नाकारलेल्या कलाकृतीला दुसरी संधी देणारी जी व्यवस्था एकेकाळी होती, ती आता कितपत उरली आहे, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो.

एक नेटवर्क, अनेक केंद्रे

भारतीय प्रेक्षकाला सिंडिकेशन ही कल्पना अपरिचित वाटणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे आधी दूरदर्शन आणि नंतर उपग्रह वाहिन्या या कार्यक्रम घराघरांत थेट पोहोचवत आल्या. अमेरिकेत एनबीसी, सीबीएस आणि एबीसी ही तीन बडी नेटवर्क होती. पण त्यांचे कार्यक्रम दाखवणारी शहरोशहरीची बहुसंख्य केंद्रे वेगळ्या मालकांची असत. रात्रीच्या मुख्य वेळेत नेटवर्कचा कार्यक्रम लावायचा आणि दुपार, सायंकाळ, उत्तररात्र स्वतःच्या हिमतीवर भरायची, अशी त्यांची रीत होती. ज्या केंद्रांचा कोणत्याच नेटवर्कशी करार नसे, त्यांना तर दिवसभराचे तास स्वतःच भरावे लागत.

या रिकाम्या तासांसाठी निर्माते आणि वितरक आपल्या मालिका एकेका केंद्राला स्वतंत्रपणे विकत. एकच मालिका बोस्टनमध्ये एका केंद्राला, तर शिकागोमध्ये दुसऱ्याला विकली जाई. काही केंद्रे रोख रक्कम मोजत. काही ठिकाणी पैशांऐवजी जाहिरातीचा काही वेळ वितरकाला तोडून दिला जाई. स्टुडिओंचे सारे गणितच या दुसऱ्या विक्रीवर उभे होते. नेटवर्क देत असे ती रक्कम अनेकदा निर्मितीखर्चापेक्षा कमी असे. ही तूट पुढे सिंडिकेशनमध्ये भरून निघेल, या आशेवर स्टुडिओ ती सोसत.

१९७० मध्ये अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने दोन नियम केले आणि या बाजाराला बळ मिळाले. एका नियमाने, बाहेरच्या निर्मात्यांच्या कार्यक्रमांच्या पुनर्विक्रीत नेटवर्कला आर्थिक हिस्सा ठेवता येईना. दुसऱ्या नियमाने मोठ्या ५० शहरांच्या बाजारपेठांत नेटवर्कच्या रात्रीच्या मुख्य कार्यक्रमांवर तीन तासांची मर्यादा आली. नेटवर्कची मक्तेदारी थोडी सैल झाली आणि स्थानिक केंद्रांना अधिक वेळ भरावा लागू लागला.

रोज सायंकाळी, त्याच वेळी

‘स्टार ट्रेक’ ची निर्मिती सुरू केली ती ल्युसील बॉल यांच्या देसिलू कंपनीने. १९६७ मध्ये ती कंपनी विकली गेली आणि मालिका पॅरामाउंटकडे आली. दुसऱ्या हंगामानंतर ती बंद होणार अशी कुणकुण लागताच प्रेक्षकांनी एनबीसीकडे पत्रांचा मारा केला आणि १९६८ मध्ये तिला आणखी एक वर्ष मिळाले. मात्र नेटवर्कने तिसऱ्या हंगामासाठी शुक्रवारी रात्री दहाची वेळ दिली. तरुण प्रेक्षक त्या वेळी घरात सापडणे अवघडच होते. तरीही हे एक वर्ष मोलाचे ठरले. सिंडिकेशनमध्ये मालिका आठवड्याचे पाच दिवस रोज लावतात आणि त्यासाठी साधारण १०० भाग हाताशी असावेत, असा संकेत होता. ७९ भाग जेमतेम १६ आठवडे पुरतात. दोनच हंगामांवर ती थांबली असती, तर केंद्रांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते.

कैसर ब्रॉडकास्टिंग या कंपनीच्या केंद्रांनी ही मालिका सायंकाळी, इतर वाहिन्यांवर बातम्या चालू असताना लावली. बातम्या न पाहणारा शाळा-महाविद्यालयांतला वर्ग त्या वेळी घरी असे. रोज ठरल्या वेळी मालिका भेटू लागल्यावर, नेटवर्कवर ती कधी न पाहिलेली पिढी तिची चाहती झाली. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कला चाहत्यांचे संमेलन भरले तेव्हा आयोजकांची अपेक्षा काही शे लोकांची होती; आले तीन हजारांहून अधिक. १९७६ मध्ये तर चाहत्यांच्या पत्रमोहिमेनंतर नासाच्या पहिल्या स्पेस शटलला मालिकेतील यानाचेच, ‘एंटरप्राइझ’ हे नाव देण्यात आले. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ही मालिका पाहिलेला भारतीय प्रेक्षकही या दुसऱ्या जन्माचाच साक्षीदार होता.

मोजदाद कुणाची?

नेटवर्कने मालिका बंद करणे म्हणजे प्रेक्षकांनी ती नाकारणे, असे समीकरण सहज मांडले जाते. १९७१ मधील घडामोडी हे समीकरण खोटे ठरवतात. जाहिरातदारांना तोवर प्रेक्षकांच्या नुसत्या संख्येपेक्षा त्यांचे वय आणि क्रयशक्ती महत्त्वाची वाटू लागली होती. सीबीएसने त्या वर्षी ग्रामीण वळणाच्या कार्यक्रमांवर सरसकट कुऱ्हाड चालवली. ‘द बेव्हर्ली हिलबिलीज’ आणि ‘ग्रीन एकर्स’ या मालिकांसोबत ‘ही हॉ’ हा ग्रामीण विनोद व संगीताचा कार्यक्रमही गेला. एबीसीने त्याच वर्षी बँडवादक लॉरेन्स वेल्क यांचा १९५५ पासून चाललेला संगीताचा कार्यक्रम थांबवला. या कार्यक्रमांना प्रेक्षक होता. पण तो उतारवयाचा किंवा खेड्यापाड्यांतला होता. जाहिरातदाराला असा प्रेक्षक नको होता.

वेल्क यांनी हार मानली नाही. त्यांनी केंद्रांशी थेट बोलणी केली, २०० हून अधिक केंद्रे मिळवली आणि कार्यक्रम १९८२ पर्यंत नव्या भागांसह चालवला. ‘ही हॉ’ तर नेटवर्कवर जेमतेम दोन वर्षे टिकला होता. सिंडिकेशनमध्ये तो १९९२ पर्यंत चालला. ‘स्टार ट्रेक’ बंद झाली ती डोकी कमी भरली म्हणून, आणि ‘ही हॉ’ बंद झाला तो चुकीची डोकी भरली म्हणून. दोन्ही निर्णय देशभराची सरासरी काढून घेतलेले होते. स्थानिक केंद्राला सरासरीशी कर्तव्य नव्हते. आपल्या गावात सायंकाळी सहाला कोण घरी असते, एवढेच त्याला पाहायचे होते.

भारतात नव्वदच्या दशकात स्टार प्लसवर दिसलेली ‘बेवॉच’ हे या व्यवस्थेचे सर्वात गाजलेले अपत्य. एनबीसीने ती १९९० मध्ये एकाच हंगामानंतर बंद केली. प्रमुख अभिनेते डेव्हिड हॅसलहॉफ आणि निर्मात्यांनी परदेशी प्रक्षेपकांच्या पैशाच्या आधारे तिचे पुनरुज्जीवन केले आणि १९९१ पासून नवे भाग थेट सिंडिकेशनमध्ये विकले. पुढे नाव व स्थळ बदलून का होईना, ती २००१ पर्यंत चालली आणि सुमारे १४० देशांत पोहोचली. तिच्या कलामूल्याविषयी फार बोलण्यासारखे नाही. पण एका नेटवर्कचा नकार हा जगाचा नकार नसतो, हे तिने सिद्ध केले.

अर्थात, हे भाग्य सर्वांच्या वाट्याला आले नाही. फॉक्सने २००२ मध्ये बंद केलेल्या ‘फायरफ्लाय’ चे १४ भाग तयार होते आणि त्यांतील ११ च तेव्हा दाखवले गेले. चाहत्यांनी घेतलेल्या डीव्हीडींच्या बळावर २००५ मध्ये तिचा चित्रपट निघाला. मालिका मात्र परतली नाही. रोज दाखवायला पुरतील इतके भाग गाठीशी असणे, ही दुसऱ्या संधीची पहिली अट होती.

कलाकारांचा वाटा

या कथेची दुसरी बाजू तितकी सुखद नाही. मालिका रोज दिसत होती, पण तिच्यातील कलाकारांच्या हाती त्यातून फारसे लागत नव्हते. १९७४ पूर्वीच्या करारांनुसार ठरावीक पुनर्प्रक्षेपणांनंतर कलाकारांचा मोबदला थांबत असे. मालिका पडद्यावर असेपर्यंत मोबदला मिळत राहावा, ही तरतूद अभिनेत्यांच्या संघटनेने १९७४ मध्ये मिळवली. पण ती नव्या कामांसाठी होती. साठच्या दशकातील लोकप्रिय चेहरे दशकानुदशके घराघरांत दिसत राहिले आणि त्या प्रसिद्धीचा पैसा हक्कधारकांच्या तिजोरीत जात राहिला.

हाच वाद २०२३ मध्ये नव्या रूपात उफाळला. हॉलिवूडच्या लेखकांनी १४८ दिवस, तर अभिनेत्यांनी ११८ दिवस संप केला. स्ट्रीमिंगवर मालिका कितीही वेळा पाहिली गेली तरी मोबदला त्या प्रमाणात वाढत नाही, ही त्यांची एक प्रमुख तक्रार होती. लेखकांच्या करारात त्यानंतर नवी तरतूद आली. प्रदर्शनानंतरच्या किंवा पुढच्या कोणत्याही प्रदर्शन-वर्षाच्या पहिल्या ९० दिवसांत देशांतर्गत सदस्यांपैकी किमान २० टक्क्यांनी पाहिलेल्या मालिकेला अधिक रक्कम मिळते. म्हणजे बक्षीस ठरावीक तीन महिन्यांतील मोठ्या यशाला आहे. ‘स्टार ट्रेक’ ला प्रेक्षक सापडला तो बंद झाल्यानंतर. अशा उशिरा, हळूहळू फळणाऱ्या मालिकेला ही कसोटी गाठणे अवघड आहे.

आताचे दरवाजे

पुनर्विक्रीत नेटवर्कचा हिस्सा रोखणारा १९७० चा नियम १९९५ मध्ये पूर्णतः संपुष्टात आला. पाठोपाठ डिस्नेने एबीसी घेतली आणि २००४ मध्ये एनबीसी व युनिव्हर्सल एक झाले. निर्माता, नेटवर्क आणि वितरक एकाच छताखाली आले. स्ट्रीमिंगने हे वर्तुळ पूर्ण केले. सेवा स्वतःच मालिका बनवते, जगभराचे हक्क स्वतःकडे ठेवते आणि प्रेक्षकसंख्येचा तपशीलही बव्हंशी स्वतःपाशीच राखते. मालिका बंद झाल्यावर ती दुसऱ्याला विकण्याची निकड तिला सहसा नसते.

त्याचे परिणाम दिसले आहेत. डिस्नेने ‘विलो’ ही मालिका नोव्हेंबर २०२२ मध्ये आणली आणि मे २०२३ मध्ये सेवेवरून काढून टाकली. अशा काढून टाकलेल्या मालिका-चित्रपटांपोटी कंपनीने सुमारे दीड अब्ज डॉलरचे मूल्य हिशेबातून वजा केले. ‘स्टार ट्रेक’ ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली होती आणि २००६ मध्ये तिची नवी, अधिक स्पष्ट आवृत्ती काढता आली. केवळ सेवेच्या सर्व्हरवर असलेल्या मालिकेची प्रेक्षकाकडे प्रतच नसते. ती काढली की चाहत्यांच्या पिढ्या घडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

तरी सगळे दरवाजे बंद झालेले नाहीत. एनबीसीने २०२१ च्या जूनमध्ये बंद केलेली ‘मॅनिफेस्ट’ ही मालिका त्याच सुमारास नेटफ्लिक्सवर आली, प्रचंड पाहिली गेली आणि ऑगस्टमध्ये नेटफ्लिक्सने तिचा अखेरचा हंगाम बनवण्याचे जाहीर केले. एचबीओने डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या स्ट्रीमिंग सेवेवरून काढलेली ‘वेस्टवर्ल्ड’ पुढच्याच वर्षी जाहिरातींसह मोफत दिसणाऱ्या सेवांवर आली. या मोफत सेवा म्हणजे जुन्या स्थानिक केंद्रांचाच नवा अवतार म्हणता येईल. फरक संख्येचा आहे. पूर्वी शेकडो केंद्रचालक आपापल्या गावाचा अंदाज घेऊन स्वतंत्रपणे निर्णय घेत. आज तो निर्णय हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या कंपन्या घेतात.

सिंडिकेशनचा बाजार कलेच्या प्रेमापोटी उभा राहिला नव्हता. रिकामे तास भरण्याची ती व्यापारी गरज होती. तरीही त्यातून एक मोलाची गोष्ट घडली. पहिला निकाल अखेरचा ठरला नाही, कारण दाद मागायला दुसरी जागा होती आणि ती पहिल्या निकाल देणाऱ्याच्या मालकीची नव्हती. हक्क विभागलेले राहावेत आणि कलाकृतीची प्रत उपलब्ध राहावी, एवढ्या दोन गोष्टी जपल्या तरी उशिरा उमगणाऱ्या मालिकेला तिचा प्रेक्षक भेटू शकतो. करार लिहिणाऱ्या संघटनांनी आणि नियम करणाऱ्या यंत्रणांनी आता याच दोन गोष्टींवर बोट ठेवायला हवे.