पिवळं फूल, पण झाड कोणतं?

चांदूर बाजारकडे अजून बऱ्याच घरांना आवार आहे. तुळस, जास्वंद, कडुनिंब आपल्या ओळखीचे. पण एखादं झाड आधीच्या घरमालकानं लावलेलं असतं, नाहीतर आपसूक उगवतं. पिवळ्याधमक फुलांनी भरलं की अंदाज सुरू होतात. शेजारच्या काकू म्हणतात, "कन्हेर आहे ना व माय ते!" सून म्हणते, "नाही, नर्सरीतलं आहे." शेवटी, 'देवाला चालतं ना, मग झालं' म्हणून विषय संपतो.

मैत्रिणींनो, तो तिथं संपवू नका. अशा पिवळ्या फुलांची दोन झाडं आपल्याकडे हमखास दिसतात, बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर आणि टिकोमा. दोन्ही मूळची अमेरिका खंडातली, दोन्ही आता अंगणात रुळलेली. फरक असा, की बिट्टीचं सारं झाड विषारी. त्यातही बी जास्त घातक, तिचा परिणाम थेट हृदयावर होतो. आणि याच बियांनी मुलं वर्षानुवर्षं खेळत आली आहेत!

आता मोबाईल प्रत्येकीच्या हाती आहे. पण आपण फोटो काढतो तो फक्त फुलाचा, आणि फसगत तिथंच होते. ओळख पटते ती पानावरून नि फळावरून. बिट्टीचं पान लांब, अरुंद, एकेकटं; तोडलं की पांढरा चीक येतो. फळ हिरवं, जाडसर, तिकोनी. टिकोम्याच्या एका देठावर कातरलेल्या कडांची अनेक पानं असतात, चीक नसतो, शेंगा लांब नि बारीक. म्हणून सकाळच्या उजेडात सहा फोटो काढा : पूर्ण झाड, खोड, देठासकट पान, फूल समोरून नि बाजूनं, आणि फळ. फळाशेजारी रुपयाचं नाणं ठेवा, आकार कळतो. मोबाईलचं अ‍ॅप नाव सांगतं, पण तो अंदाजच. जवळच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या सरांना, मॅडमना फोटो दाखवून खात्री करा.

झाड बिट्टीचं निघालं तर लगेच कुऱ्हाड काढायची नाही. शहरी भागात झाड तोडण्याआधी परवानगी घ्यावी लागते, तसा कायदा 1975 पासून आहे. पडलेली फळं रोज वेचा, मुलांना नीट समजावून सांगा, चीक लागला तर हात धुवा. चुकून कुणी बी खाल्लीच, तर घरगुती उपाय करत बसू नका; 108 ला फोन करा आणि तोच फोटो डॉक्टरांना दाखवा. उपचाराची दिशा त्यावरून लवकर ठरते.

घरात येणाऱ्या पाहुण्याचं नावगाव आपण विचारतो. वर्षानुवर्षं आवारात उभ्या असलेल्या झाडाचं नाव तेवढं विचारायचं राहून जातं. या रविवारी विचारूनच टाका.