क्षयरोगाचा वॉर्ड आणि शिकाऊ परिचारिका

परिचर्येचा अभ्यासक्रम घेतलेल्या मुली पहिल्याच वर्षी वॉर्डात जाऊ लागतात. क्षयरोग्यांच्या विलगीकरण कक्षाची पाळी आली की घरी काळजी सुरू होते. ‘आमच्या मुलीला तिथे पाठवू नका,’ असे पालक सांगतात. काळजी रास्त आहे, मागणी मात्र बरोबर नाही. मुलींना जरूर पाठवावे, पण तयारीनिशी.

क्षयरोग हवेतून पसरतो. फुप्फुसाचा क्षय झालेला रुग्ण खोकतो तेव्हा जंतूंचे सूक्ष्म कण हवेत बराच वेळ तरंगत राहतात. ताट-वाटी, कपडे किंवा हात मिळवणे यांतून हा रोग होत नाही. हे नीट न शिकवल्याने नको तिथे भीती आणि हवी तिथे बेफिकिरी दिसते. चादरीला हात लावायला बिचकणारी विद्यार्थिनी मास्क नाकाखाली ओढून रुग्णासमोर उभी राहते!

साधा सर्जिकल मास्क रुग्णाने लावायचा असतो, खोकल्यातले तुषार अडवण्यासाठी. परिचारिकेला एन-९५ मास्क हवा. तो चेहऱ्याला घट्ट बसला की नाही, हे दर वेळी तपासावे आणि खोलीबाहेर आल्यावरच तो काढावा. कक्षात हवा खेळती हवी. लहानपणी टोचलेली बीसीजी लस मोठेपणी फुप्फुसाच्या क्षयापासून भरवशाचे संरक्षण देत नाही, हेही मुलींना सांगायला हवे.

आता रुग्णाची बाजू पाहू. दूर ठेवायचे असते ते जंतूंना, माणसाला नव्हे. दारातूनच ताट सरकवले आणि दारातूनच विचारपूस केली, तर रुग्ण मनाने खचतो. साध्या क्षयावरही सहा महिने औषधे घ्यावी लागतात. मळमळ झाली म्हणून गोळ्या सोडणारे कमी नाहीत आणि अर्धवट उपचाराने रोग औषधांना दाद देईनासा होतो. कामाच्या धबडग्यात मुख्य परिचारिकेला बोलायला सवड नसते. शिकाऊ मुलीने चार शब्द विचारले, तर ही अडचण वेळीच कळते.

१८९७ साली पुण्यातील प्लेगच्या साथीत रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला व त्यातच त्यांचे निधन झाले. २०१८ मध्ये केरळात निपाहच्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका लिनी यांनी प्राण गमावले. अशा त्यागापुढे आपण नतमस्तक होतो. पण त्यागाचे गोडवे गाऊन मास्कची उणीव भरून निघत नाही.

म्हणून पालकांनी वेगळी मागणी करावी. कक्षात पाठवण्यापूर्वी मास्क वापरण्याचा सराव झाला का? पहिले काही दिवस शिक्षिका सोबत असतात का? अपुऱ्या कर्मचाऱ्यांच्या जागी विद्यार्थिनींना राबवले जात नाही ना? मुलींची नियमित तपासणी होते का? दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिल्यास थुंकीची तपासणी व्हावी आणि आजारपणातील रजेमुळे वर्ष वाया जाऊ नये.

या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली, तर मुलीला निर्धास्त मनाने पाठवा. न मिळाली, तर मुलीला घरी बसवण्याऐवजी संस्थेला जाब विचारा.