फुकट सेवेची किंमत



फेब्रुवारीतली गोष्ट. साताऱ्याहून आमच्याकडे आलेल्या बाबांच्या छातीत पहाटे अडीच वाजता कळ आली. ९११ फिरवल्यावर काही मिनिटांत ॲम्ब्युलन्स दारात हजर. तिच्यात दोघे होते. त्यातला एक दिवसा प्लंबिंगची कामे करतो, दुसरी हायस्कूलमध्ये शिकवते. बाहेर बर्फ पडत होता, रस्ते निसरडे झाले होते. बाबा वाचले. दोन दिवसांनी हॉस्पिटलमध्ये त्यांनी विचारले, "त्या पोरांना किती द्यायचे?" मी म्हटले, "काही नाही बाबा, ते स्वयंसेवक आहेत." ते जरा गप्प राहिले आणि म्हणाले, "मग वाटेत त्यांचंच काही झालं असतं तर?"

मी पंधरा वर्षे न्यू जर्सीत राहतो, पण याचे उत्तर मला ठाऊक नव्हते. संशोधकाची खोड म्हणून शोधत बसलो.

अमेरिकेत १९७६ पासून एक केंद्रीय कायदा आहे. पोलीस किंवा अग्निशामक कर्तव्यावर मरण पावला, तर न्याय खाते त्याच्या कुटुंबाला ठरावीक रक्कम देते. सुरुवातीला ती ५० हजार डॉलर होती. २००१ मध्ये ती अडीच लाख झाली आणि महागाईप्रमाणे वाढत आता साडेचार लाखांच्या आसपास आहे. मला यातली सर्वात चांगली गोष्ट वाटली ती ही, की पगारी आणि बिनपगारी असा भेद कायद्याने पहिल्यापासूनच केला नाही. विधवेला रक्कम तीच.

मग अडते कुठे? व्याख्येत. ॲम्ब्युलन्सवाल्यांचा समावेश १९८६ मध्ये झाला, पण सरकारी यंत्रणेत काम करणाऱ्यांपुरताच. २००३ पर्यंत नुसता हार्ट ॲटॅक ही 'इजा' धरली जात नसे. वास्तविक ड्युटीवर मरणाऱ्या अग्निशामकांमध्ये हृदयविकार हे वर्षानुवर्षे सर्वात मोठे कारण आहे. झोपेतून एकदम उठून अंगावर जड साहित्य चढवून धावणाऱ्या माणसाच्या हृदयावर किती ताण येतो, हे कळायला डॉक्टरेट लागत नाही!

व्हरमाँटमधल्या बेनिंग्टनचे डेल लाँग २००९ मध्ये ॲम्ब्युलन्सच्या अपघातात कर्तव्यावर असताना गेले. कुटुंबाला केंद्राची मदत नाकारण्यात आली. कारण त्यांचे पथक सरकारी नव्हते, ना-नफा संस्थेचे होते. पुढे कायदा बदलला आणि अशी पथकेही त्यात आली. त्या दुरुस्तीला लाँग यांचेच नाव आहे. आणि ती १ जून २००९ पासून पुढच्या घटनांना लागू होते. म्हणजे त्यांचे नाव कायद्यावर आहे आणि तो कायदा त्यांच्या घरापर्यंतही पोहोचतो.

माझा एक मित्र म्हणतो, "हौसेने करतात, मग सरकारने का द्यावे?" माझे उत्तर सोपे आहे. या देशातले सुमारे दोन तृतीयांश अग्निशामक स्वयंसेवक आहेत. उद्या ते घरी बसले, तर पगारी माणसे नेमायला आपला प्रॉपर्टी टॅक्स किती वाढेल? आपण जो कर भरत नाही, तो ते स्वतःच्या झोपेतून भरतात. त्यांच्या मुलांना मिळणारी रक्कम म्हणजे दान नव्हे, ते आपल्या अंगावरचे देणे आहे. आणि ते देताना, माणूस कोणाच्या पटावर होता यापेक्षा तो कोणासाठी धावत होता, हे आधी पाहायला हवे.

कायदा आहे म्हणून पैसे लगेच हाती येतात असेही नाही. न्याय खात्याच्याच महानिरीक्षकांनी २०१५ मध्ये दाव्यांच्या विलंबावर बोट ठेवले होते. कर्ता माणूस गेलेले घर वर्षभर कशावर चालायचे?

आपण काय करू शकतो? आपल्या टाउनशिपच्या सभेत तीन प्रश्न विचारू शकतो. आपल्या ॲम्ब्युलन्स पथकाला अधिकृत मान्यता कागदावर आहे का? ना-नफा पथकांसाठी कायद्याची अट तीच आहे. दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत करावा लागतो, हे सदस्यांच्या घरच्यांना कोणी सांगितले आहे का? आणि केंद्राचा निकाल लागेपर्यंत त्या घराला आधार म्हणून गावाने काही विमा उतरवला आहे का?

मी आमच्या गावात विचारले. क्लार्कबाई म्हणाल्या, "बघून सांगते." अजून सांगितलेले नाही. पुढच्या सभेत पुन्हा उभा राहणार आहे. बाबा साताऱ्याला परतले, पण दर रविवारी फोनवर विचारतात, "त्या पोरांचं काय झालं?"

तुम्हीही आपापल्या गावात विचारा, आणि काय उत्तर मिळाले ते जरूर कळवा.