ओंकारला समजून घेतलंत, मग आम्हाला?

२०२५च्या सप्टेंबरात ओंकार नावाचा तरुण हत्ती तिलारी खोऱ्यातल्या कळपातून फुटून गोव्यात पेडण्यात शिरला आणि आमच्या दोडामार्गात प्रत्येक जण हत्तीतज्ज्ञ झाला. बाबांनी मला पडवीत बसून शांतपणे समजावलं : नर वयात आला की कळपात राहत नाही, त्याच्या अंगात बदल होतात, डोकं भडकतं, त्याला स्वतःची वाट शोधायची असते. त्याला उगाच डिवचू नये.

मी सोळा वर्षांची आहे. ‘वयात येणं’ हे शब्द बाबांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले, तेही हत्तीबद्दल.

मला पहिली पाळी आली तेव्हा हेच बाबा पेपर घेऊन खळ्यात निघून गेले होते. आईनं पॅड दिलं आणि ‘देवाकडे जाऊ नको’ एवढंच सांगितलं. का येते, किती दिवस, दुखलं तर काय, काही नाही. आपल्या आत काहीतरी फाटलंय, असं मी दोन दिवस समजत होते.

शाळेत तरी? दहावीच्या विज्ञान भाग २ मधल्या ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग २’ या धड्यात मानवी प्रजनन आहे, पाळीचं चक्र आहे, टेस्ट ट्यूब बेबीसुद्धा आहे. आमच्याकडे फुलाचे भाग रंगीत खडूनं फळ्यावर आले. माणसाची पाळी आली तेव्हा, ‘हे घरी वाचा.’ मागच्या बाकावरचे मुलगे हसले, आम्ही माना खाली घातल्या.

ते मुलगे निर्लज्ज नव्हते, घाबरलेले होते. त्यांतल्या एकानं नंतर सांगितलं, झोपेत जे होतं तो त्याला आजार वाटत होता आणि तो मोबाईलवर औषध शोधत होता. मोबाईलनं औषध दाखवलं नाही, भलतंच दाखवलं. आता तुम्ही म्हणता, मोबाईलनं पोरं बिघडवली. जागा तुम्ही रिकामी ठेवलीत, तो येऊन बसला.

‘आपल्या संस्कृतीत हे बसत नाही’ हे तर मला पाठ झालंय. २००७मध्ये, माझ्या जन्माच्या आधी, महाराष्ट्रानं शाळांमधला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम असाच थांबवला. पण याच कोकणातल्या मुरुडच्या कर्व्यांच्या घरातल्या र. धों. कर्व्यांनी १९२७मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ काढलं आणि लैंगिक प्रश्नांवर उघड लिहिलं. खटले झाले. १९३४च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरले, दंड झाला, तरी १९५३मध्ये मरेपर्यंत मासिक चालवलं. ही कोणाची संस्कृती?

आजी म्हणते, ‘आमका कोणी सांगलेलां? तरी आमी वाढलंवच मां?’ वाढलात, आजी. पण तुझी पहिली पाळी तू गोठ्याच्या मागे रडून काढलीस, हे तूच मला सांगितलंयस.

आणि ‘सांगितलं की पोरं तेच करतील’ हा युक्तिवाद तर कोकणात तरी करू नका. फुरसं कसं ओळखायचं हे आम्हाला लहानपणीच शिकवतात. म्हणून कोणी फुरसं धरायला धावलेलं मी पाहिलं नाही. न सांगितल्याचे परिणाम मात्र गंभीर आहेत. अठरा वर्षांखालच्या मुलानं किंवा मुलीनं ‘हो’ म्हटलं तरी २०१२चा पोक्सो कायदा ती संमती मानत नाही. माझ्या वर्गात हे किती जणांना माहीत होतं? मला तरी नव्हतं, बातम्या वाचून कळलं.

दहा ते एकोणीस वयासाठी २०१४पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यात समुपदेशनही आहे. चांगलंच आहे. पण आमच्या एवढ्याशा गावात दवाखान्याच्या बाकावर बाजूला बाबांचे मित्र बसलेले असताना मी काय विचारू? म्हणून सांगते, सुरुवात वर्गात व्हायला हवी, सगळ्यांसमोर, फळ्यावर, त्याच रंगीत खडूनं.

पुढच्या जूनमध्ये माझा भाऊ दहावीत जातोय. आवाज फुटलाय, म्हणून घरात कमी बोलतो. तो धडा ‘घरी वाचा’ ऐकून तो परत आला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर मी शाळेत येणार आहे. बाबांनाही घेऊन.