जिव्या सोमा म्हसे आणि मराठी समीक्षेचे मौन

जिव्या सोमा म्हसे यांच्याविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा एकाच गोष्टीने सुरू होते. लहानपणी आई गेली, त्या धक्क्याने मुलाची वाचा बसली आणि बोलणे सोडून तो धुळीत बोटाने चित्रे काढू लागला. मग १९७०च्या दशकाच्या आरंभी मुंबईहून भास्कर कुलकर्णी आले, त्यांनी कागद आणि रंग दिले, आणि डहाणूच्या रानातील एक प्रतिभा जगापुढे आली. पुढे मानसन्मानांची यादी येते: १९७६ चा राष्ट्रीय पुरस्कार, २००९ चा नेदरलँड्समधील प्रिन्स क्लाउस पुरस्कार, २०११ ची पद्मश्री, आणि अखेरीस मे २०१८ मधील निधनाची वार्ता. या गोष्टीतला तपशील खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. गोष्ट संपते तोवर चित्रांविषयी एक वाक्यही आलेले नसते, ही आमची तक्रार आहे.

म्हसे यांचा जन्म १९३४ चा, तलासरी तालुक्यातील धामणगावचा. आयुष्य गेले ते डहाणू तालुक्यात, गंजाडच्या कळंबीपाड्यावर. रानशेत, गंजाड हा सगळा पट्टा भातखाचरांचा आणि पाड्यापाड्यांनी विखुरलेल्या वस्तीचा. पॅरिस आणि ड्युसेलडॉर्फपर्यंत चित्रे गेली तरी चित्रकार याच पट्ट्यात शेती करीत राहिला. त्यांचे आडनाव मराठीत कधी ‘म्हसे’ तर कधी ‘मशे’ असे छापलेले दिसते. दुसरे रूप उघडच रोमन लिपीतून परत आलेले आहे. आपल्याच जिल्ह्यातील माणसाचे नाव आपल्यापर्यंत परदेशी प्रदर्शनांच्या सूचीतून पोचावे, ही गोष्ट लहान आहे, पण बोलकी आहे.

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला येथे एक तुलना सुचल्यावाचून राहणार नाही. बहिणाबाई चौधरींची ओळखही महाराष्ट्राला एका शोधकथेतूनच झाली. निरक्षर शेतकरी स्त्री, मुलाने उतरवून ठेवलेल्या ओळी, त्या वाचून थक्क झालेले आचार्य अत्रे, आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह निघालेला संग्रह. ही कथाही अद्भुतरम्य आहे आणि तिनेही आरंभी कवितेला थोडे झाकले. परंतु तेथे समीक्षा थांबली नाही. बहिणाबाईंच्या प्रतिमा, त्यांची बोली, ओवीशी त्यांचे नाते, या सर्वांची चर्चा गेली सत्तर वर्षे वर्गांतून चालू आहे. आज कोणी ‘एका अडाणी बाईने एवढे लिहिले’ या आश्चर्यावर लेख संपवला तर त्याला कच्चा विद्यार्थी म्हटले जाईल. म्हसे यांच्या बाबतीत मात्र पन्नास वर्षांनंतरही आपण त्या आश्चर्यावरच थांबलो आहोत. चित्र हा साहित्य समीक्षेचा प्रांत नव्हे, हे उत्तर आम्हांस पुरेसे वाटत नाही, आणि त्याचे कारण वारल्यांच्या भाषेतच आहे.

वारली स्त्रिया लग्नातला चौक ‘काढत’ नाहीत, ‘लिहितात’. हा प्रयोग म्हणजे केवळ बोलीतली गंमत नव्हे. लिख् या संस्कृत धातूचा मूळ अर्थ कोरणे, रेघ ओढणे असा आहे. ‘आलेख्य’ म्हणजे चित्र, आणि ‘चित्रलेखा’ हे नाव पुराणातल्या ज्या सखीचे, ती चित्रेच काढते. लेखन आणि चित्रण ही दोन वेगळी कामे झाली ती पुढे, शिक्षित समाजात. वारली बोलीने तो जुना अर्थ जिवंत ठेवला आहे. चौकाच्या मध्यभागी पालघाट ही देवी असते; शेजारच्या लहान चौकात पंचशिर्या, ज्याच्या धडावर मस्तकाच्या जागी पाच कोंब उगवलेले असतात. गेरू किंवा शेणाने सारवलेली कुडाची भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक ठेचलेली काडी, एवढ्या साहित्यावर हे लेखन होते. लिहिणाऱ्या सुवासिनी, आणि विधी चालवणारी धवलेरी ही गाणारी. तिच्या गाण्यांवाचून लग्न लागत नाही. भिंतीवरचा मजकूर आणि धवलेरीचे गाणे हे एकाच विधीचे दोन भाग असताना आपल्या लोकसाहित्याच्या अभ्यासक्रमांत गाणे एका खोलीत आणि चित्र दुसऱ्या खोलीत, अशी वाटणी झाली. गाणे मराठी विभागाकडे गेले, चित्र हस्तकला मंडळाकडे.

म्हसे यांनी केले काय, हे या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. लग्नाची वाट न पाहता, विधी नसताना, रोज आणि स्वतःच्या मनाने त्यांनी चित्रे काढली. स्त्रियांच्या विधीतील भाषा एका पुरुषाने उचलली आणि विधीबाहेर नेली. ही घटना किती मोठी आहे! ओवी जात्यावरून उठून कवीच्या वहीत गेली तेव्हा जे झाले, तेच येथे झाले. आणि हे स्थलांतर नुसत्या जागेचे नव्हते, रचनेचेही होते. पारंपरिक चौकात मध्य ठरलेला असतो. चौकट, तिच्या नक्षीदार पट्ट्या, आत देवी. आणि बाहेर उरलेल्या भिंतीवर झाडे, पक्षी, तारप्यावर नाचणारी माणसे, वरात. म्हसे यांच्या ज्या चित्रांत चौक नाही, त्यांत या बाहेरच्या जगाने सगळा फलक व्यापला आहे. देवीची चौकट निघून गेली, पण तिच्याभोवती फिरणारी हालचाल तेथेच राहिली, आणि तिला आता मध्य नाही. आमच्या मते त्यांच्या चित्रांतील अस्वस्थ, थरथरती गती येथून येते.

त्यांची मासेमारीच्या जाळ्याची चित्रे घ्या. शेणाने सारवलेल्या कापडावर पांढऱ्या बारीक रेघांचे जाळे पसरत जाते, इतके की फलकाचा बहुतेक भाग तेच खाऊन टाकते. माणसे कडेला, मुंगीएवढी. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे केलेले धड, त्यावर गोल डोके, काडीसारखे हातपाय: ही वारली मनुष्याकृती सर्वांना ठाऊक आहे. परंतु जाळ्यापुढे ती एवढी लहान करण्याचा निर्णय परंपरेचा नाही, चित्रकाराचा आहे. जाळ्याचे डोळे एकसारखे नाहीत. कोठे ताणलेले, कोठे सैल, जणू पाण्याचा ओढ रेघेतच आहे. पाणी रंगवलेले नाही, ते जाळ्याच्या वागण्यावरून कळते. एखाद्या कवीने नदीचा उल्लेख न करता नदी दाखवली असती तर आपण त्यावर प्रबंध लिहिले असते. मुंग्यांची, पिकाची, चक्राकार नाचाची त्यांची चित्रेही अशीच वाचता येतील. क्षितिज नाही, जमिनीची रेघ नाही, जवळचे मोठे आणि दूरचे लहान हा नियम नाही. डोळ्याने कोठून आत शिरावे हे चित्र सांगत नाही, आणि एकदा शिरल्यावर लवकर बाहेरही पडू देत नाही.

आता एका कठीण मुद्द्याकडे. म्हसे अकरा वर्षांचे असताना, १९४५ साली, त्यांच्याच तलासरीच्या मुलखात वारल्यांचे बंड सुरू झाले. त्या मे महिन्यात झरी येथे वारल्यांची मोठी सभा झाली. ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. या लढ्याची हकीकत गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये लिहिली. १९७० साली आलेल्या त्या पुस्तकास पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि मराठी वाचकाला वारली माणूस प्रथम जवळून दिसला तो तेथेच. वेठबिगारीबरोबर त्या पुस्तकात ‘लग्नगडी’ आहे: लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडून कर्ज घेऊन त्या कर्जापायी राबणारा, आणि बहुधा बायकोसह राबणारा, वारली. म्हणजे ज्या लग्नात चौक लिहिला जाई, त्याच लग्नाने माणूस गुलाम होई. कित्येक जोडपी वर्षानुवर्षे लग्नावाचून एकत्र राहत आणि पैसा जमला की मागाहून विधी करीत, त्यामागे हा खर्चही होता.

ही दोन पुस्तके, एक परुळेकरांचे आणि दुसरे भिंतीवरचे, मराठीने कधी शेजारी ठेवून वाचली नाहीत. राजकीय वाचकाला चौक म्हणजे सांस्कृतिक अलंकार वाटला. कलारसिकाला लग्नगडी म्हणजे जुना इतिहास. त्याचा परिणाम असा की वारली चित्र म्हटले की ‘निसर्गाशी एकरूप झालेले निरागस जीवन’ हे वाक्य कोणत्याही लेखात आपोआप येऊन बसते. निरागस हा शब्द आम्हांस या संदर्भात फार खटकतो. ज्या पिढीने गोळीबार पाहिला, ज्या पिढीच्या आईबापांनी लग्नापायी वेठ केली, तिच्या चित्रांत सुख असेल तर ते मिळवलेले सुख आहे. के. जे. सावे यांचा वारल्यांवरील इंग्रजी ग्रंथही १९४५ चाच, हा योगायोग येथे नोंदवून ठेवतो. तेव्हा १९७०च्या दशकात कोणाचा ‘शोध’ लागला म्हणायचा? भास्कर कुलकर्णींचे काम मोठे होते यात शंका नाही. मिथिलेत आणि नंतर डहाणूत या कलावंत माणसाने स्वतःचे चित्रकारपण बाजूला ठेवून इतरांच्या हाती कागद दिला आणि १९८३ साली तो गेला, तोही बराचसा दुर्लक्षित. पण त्यांच्या कार्याचे मोठेपण सांगण्यासाठी वारल्यांना त्याआधी अज्ञात ठरवण्याची गरज नव्हती.

परदेशात काय झाले हे थोडक्यात सांगतो. १९८९ साली पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्राने भरवलेल्या ‘माजिसियाँ द ला तेर’ या प्रदर्शनात म्हसे होते. त्या प्रदर्शनावर टीका पुष्कळ झाली आणि तीतली काही रास्त होती. तरी त्याचे संयोजक झाँ-उबेर मार्तां यांनी तथाकथित आदिम परंपरांतील कलावंतांना जमातीच्या नावाने नव्हे तर त्यांच्या स्वतःच्या नावाने, पाश्चात्त्य चित्रकारांच्या बरोबरीने मांडले, हे श्रेय त्यांना द्यावे लागेल. २००३ साली ड्युसेलडॉर्फ येथे म्हसे आणि ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांचे संयुक्त प्रदर्शन झाले. गवतावर एकाच रेषेत पुन्हापुन्हा चालून उमटलेली पायवाट हीच कलाकृती, असे १९६७ साली मांडणारा हा लाँग. दोघांना जोडणारी गोष्ट रेघ, हे संयोजकांनी नेमके ओळखले. एकाची रेघ पायाने उमटलेली, दुसऱ्याची काडीने. लाँगविषयी लिहिताना ‘संकल्पना’ आणि म्हसेंविषयी लिहिताना ‘परंपरा’ असे शब्द वाटून देण्याची खोड काही युरोपीय लेखनातही दिसते, पण निदान तेथे चित्रे पाहिली गेली.

इकडे मात्र वारली चित्र हा सार्वजनिक ठसा झाला. कपबश्या, साड्या, उड्डाणपुलांचे खांब, शाळांच्या कुंपणभिंती. २०१४ साली या चित्रशैलीला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले ते योग्यच झाले. कारखान्यात छापलेल्या मालाला निदान कायद्याने आडवता येईल. पण हे संरक्षण शैलीचे आहे, हाताचे नाही. कोणी म्हणेल, सामूहिक कलेत एका व्यक्तीच्या नावाचा आग्रह धरणे हाच मुळी बाहेरचा, बाजारी दृष्टिकोन आहे. हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. मात्र तो घेणारा माणूस बहुधा स्वतःच्या लेखावर स्वतःचे नाव घालतो, हेही पाहिले पाहिजे. ज्यांची भांडी, गाणी, चित्रे सामूहिक आणि ज्यांची पुस्तके व्यक्तिगत, अशी समाजाची विभागणी कोणी केली?

तरीही या आक्षेपाचा एक अंश टोचतो. म्हसे यांचे नाव झाले, त्यांचे पुत्र सदाशिव आणि बाळू हेही नावाने ओळखले जाणारे चित्रकार झाले. पण ज्यांच्या भिंतीवरून ही भाषा आली त्या सुवासिनी अनामच राहिल्या. कागद आला तेव्हा चित्राला किंमत आली, आणि किंमत आली तेव्हा ते बरेचसे पुरुषांचे काम झाले. याचा दोष म्हसेंकडे जात नाही. त्यांना कलावंत म्हणून वाचताना त्या स्त्रियांनाही पूर्वसूरी म्हणून वाचावे लागेल, एवढेच. यशोधरा डालमियांनी १९८८ साली इंग्रजीत जे पुस्तक लिहिले त्यात विधी, गाणी आणि स्त्रियांचे स्थान यांकडे लक्ष आहे. गोविंद गारे यांच्यासारख्यांनी मराठीत आदिवासी चित्रपरंपरेवर लिहिले आहे. पाया अगदीच नाही असे नाही.

गंजाड, रानशेत आणि आसपासच्या पाड्यांवर लग्नात चौक आजही लिहिला जातो, जरी भिंती आता विटांच्या झाल्या आणि काही घरांत चौक कागदावर लिहून चिकटवला जातो. धवलेरी मात्र थोड्या उरल्या आहेत आणि ज्या आहेत त्या वृद्ध आहेत. एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाने धवलेरीचे गाणे आणि त्याच घरातला चौक एकत्र नोंदवायचे ठरवले, लिहिणाऱ्या बायकांची नावे त्यांना विचारून आणि त्यांच्या संमतीने त्या नोंदीखाली घातली, तर त्यासाठी मोठ्या अनुदानाची गरज नाही. तेथली लग्नसराई भात घरात आल्यानंतर सुरू होते आणि पावसापूर्वी आटोपते. उन्हाळ्याची सुट्टी तिच्यातच येते.